चंडोलाचं अर्थिंग

वायोमिंगचा वारा कसा असतो ते मी एकदाच सांगतो, कारण दुसऱ्यांदा सांगायला लागलो की लोक उठून जातात. एकाहत्तर साली मी ट्रक चालवता चालवता हॅमचं सँडविच खात होतो. काच दोन बोटं उघडी होती. वाऱ्यानं आतलं हॅम तेवढं उचललं, पाव माझ्या हातात जसेच्या तसे. पुढच्या वळणावर तेच हॅम दुसऱ्या काचेतून परत आलं, मोहरी लावून. यावर विश्वास ठेवू नका. पण आता जे सांगणार आहे ते अक्षरन् अक्षर खरं आहे, कारण त्यात माझी फजिती आहे, आणि स्वतःच्या फजितीबद्दल माणूस कशाला खोटं बोलेल?

मी एल्मो थॅकेट. सत्तावीस वर्षं ट्रक हाकला, मग कंबरेनं राजीनामा दिला. तेव्हापासून बॅजर फ्लॅट्सला, ओलेटा बॅस्कमच्या ट्रकथांब्यामागं, एका पत्र्याच्या शेडमध्ये सीबी रेडिओ, म्हणजे ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलतात ते, दुरुस्त करतो आणि ट्रकना अँटेना बसवून देतो. ओलेटा पुढं कॉफी, अंडी आणि सल्ला विकते. सल्ला फुकट असतो, पण घ्यावाच लागतो.

रेडिओवर आमच्यात जन्माचं नाव कुणी सांगत नाही. तिथलं नाव वेगळं, पोलिसालासुद्धा तिथं 'अस्वल' म्हणतात. मला 'गंजका खिळा' म्हणतात, का ते विचारू नका. आणि एका रस्त्यावर एका नावाचे दोघं चालत नाहीत. समजा धुक्यात इथल्या लांब चढावर कुणी ओरडलं, "अमक्या, तुझ्या ट्रेलरचं मागचं चाक पेटलंय!" आणि अमके दोघं असले, तर एक जण उगाच थांबतो आणि दुसरा तसाच जळत पुढं जातो. म्हणून नाव जपायचं. नाव गेलं तर त्या रस्त्यावर तुम्ही नुसता एक ट्रक.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात इडेला प्रेविट या रस्त्यावर आली. एक्कावन्न वर्षांची, नेब्रास्काची, अंगानं काडी, पण हात असे की चाकाचे नट बोटांनी सैल करील. बापाबरोबर धान्याचा ट्रक चालवून चालवून शिकलेली. आता तिनं स्वतःचा मोठा ट्रक घेतला होता, अंड्याच्या बलकासारखा पिवळा, फायबरच्या केबिनचा, आणि मागं ट्रेलरभर गोठवलेले मटार. पहिल्याच दिवशी तिनं माइक उचलला. "चंडोल बोलतेय. पूर्वेकडे निघालेय. पुढचा रस्ता कसा आहे?"

उत्तर आलं, पण भलतंच. "कोण चंडोल? चंडोल मी आहे."

हा डेल्बर्ट क्रूम. साडेसहा फूट उंच, खुर्चीत बसला की खुर्ची आधी त्याची माफी मागते. पण पुढच्या दोन दातांमध्ये फट, आणि त्या फटीतून तो चंडोलासारखी अशी शिट्टी घालायचा की खरे चंडोल कुंपणावर येऊन ऐकत बसायचे. तीन वर्षं या चढावर तोच चंडोल होता.

दोघं ओलेटाच्या काउंटरवर समोरासमोर आले तेव्हा मी ॲपल पायचा दुसरा तुकडा खात होतो, म्हणून सगळं नीट ऐकलं.

"बाई, चंडोल हा वायोमिंगचा राज्यपक्षी आहे," डेल्बर्ट म्हणाला. "सरकारी. पुस्तकात बघ."

"नेब्रास्काचा आहे," इडेला म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"दोघांचाही आहे," ओलेटा कपबशी पुसत म्हणाली. "कॅन्ससचा, मोंटानाचा, ओरेगनचा आणि नॉर्थ डकोटाचाही आहे. सहा राज्यांना मिळून एकच पाखरू सुचलं. इथंही तेच. एकानं ॲपल पाय मागवला की अख्खं टेबल तोच मागवतं."

"ते काही असो," डेल्बर्ट म्हणाला. "मी नाव शिट्टी वाजवून कमावलंय. तू दुसरं घे. पाखरं काय कमी आहेत? बदक घे."

इडेलानं कप खाली ठेवला. "एकसष्ट साली आमच्या ट्रकमध्ये पहिला रेडिओ आला, तेव्हा माझ्या बापानं मला हे नाव ठेवलं. बाप या मार्चमध्ये गेला. घर विकलं, ट्रक विकला, शेत विकलं. हे एवढंच विकलेलं नाही. बदक तू हो."

डेल्बर्ट वाईट माणूस नव्हता, त्याचे कान लाल झाले. पण वीस जणांसमोर माघार घेणं त्याच्या मापाच्या माणसाला जड जातं, नुसतं वळायलाच जागा लागते.

पुढचे दोन आठवडे चढावर इडेलाला 'दुसरी चंडोल' म्हणून हाका यायला लागल्या. ती त्या हाकेला ओ देईना, आणि तिनं 'चंडोल बोलतेय' म्हटलं की बाकीचे गप्प. एकदा तिच्या ट्रेलरचं मागचं दार उघडं राहिलं आणि अकरा मैल मटार सांडत गेले, तरी तिला कुणी नीट हाक मारली नाही, कारण काय म्हणून मारायची हेच ठरेना. ससे मात्र खूश होते.

शेवटी ओलेटानं निकाल लावला. "रविवारी, दुपारी बारा वाजता. दोघांनी इथल्या अंगणातून बोलायचं. पश्चिमेला चाळीस मैलांवर टिप्टन्स कॉर्नरला टोरवाल्ड आयडे त्याच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओशी बसेल. त्याला ज्याचं नाव ऐकू जाईल, नाव त्याचं. सरकारनं दिलेले चार वॉट, त्याच्यावर अर्धा नाही. आवाज वाढवायचं यंत्र मध्ये लावलेलं दिसलं तर तो तिथंच हरला."

"टोरवाल्डच का?" डेल्बर्टनं विचारलं.

"त्याला विनोद कळत नाही. ज्याला विनोद कळत नाही त्याला खोटं बोलता येत नाही."

हे सगळ्यांना पटलं. टोरवाल्ड मेंढ्या पाळतो. त्याला मी एकदा ते हॅमचं सांगितलं, तर त्यानं विचारलं, मोहरी कुठल्या कंपनीची.

चार वॉट म्हणजे किती? ओलेटाच्या फ्रीजमधला दिवा त्याहून जास्त खातो. एवढ्याशा जिवावर चाळीस मैल जायचं तर सगळी मदार अँटेनावर. आणि इडेलाची अँटेना त्याच आठवड्यात नेब्रास्कातल्या लिंकनजवळच्या एका झाडानं नेली होती. ती शनिवारी सकाळी माझ्या शेडच्या दारात उभी राहिली.

"एल्मो, तुझे हात चांगले आहेत असं ओलेटा म्हणते."

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कुणी माझ्या हातांबद्दल बोलावं! मी त्याच क्षणी तिला सांगून टाकलं, की या बाईच्या ट्रकवर अशी अँटेना बसवायची की लोकांनी फोटो काढावेत.

आणि बसवली. डाव्या आरशाच्या दांड्यावर ब्रॅकेट, त्यावर जाड स्प्रिंग, स्प्रिंगवर पाच फुटी स्टीलची सळी. केबल दाराच्या रबराआडून अशी आत घेतली की मुंगीलाही सापडू नये. मग मी मागं सरकून बघितलं, आणि मला तो ब्रॅकेट खटकला. पिवळ्याधमक ट्रकवर राखाडी लोखंड! मी ते सगळं उतरवलं, दांडा, ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर, सगळं, आणि केबिनच्या रंगाला रंग जुळवून ट्रॅक्टरच्या पेंटचे तीन हात दिले. प्रत्येक हात दिव्याखाली वाळवला. पुन्हा चढवलं तेव्हा ते असं चमकत होतं की एक मधमाशी येऊन बसली.

इडेला म्हणाली, "सुंदर आहे. आता बोलते का बघू."

मी मीटर जोडला. या मीटरची सुई सांगते की तुमचा आवाज किती बाहेर गेला आणि किती परत तुमच्याच घशात आला. दीडच्या आत असली की छान. तीनच्या पुढं गेली की परत आलेला आवाज रेडिओच जाळतो. इडेलानं माइक दाबला. सुई साडेतीनवर गेली आणि तिथंच बसली, जशी माझी सासू आमच्या घरी.

"सळी लांब झाली," मी म्हणालो, आणि लोखंड कापायची कात्री घेतली. मोठ्या रुबाबात टोकाचा बोटभर तुकडा कापला.

साडेतीन.

अजून बोटभर कापला.

साडेतीन.

मी तिसऱ्यांदा कात्री उचलली, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. नटच सैल करायची पकड ती, माझ्या बोटांतून कात्री आपोआप पडली.

"कापलेलं परत उगवत नाही, एल्मो, ही काय द्राक्षाची वेल आहे? चाळीसांतल्या एक नंबरच्या चॅनेलवर बघ."

"साडेतीन."

"आता चाळीसवर."

"साडेतीन."

"मग लांबीचा काय संबंध? सळी लांब असती तर चाळीसवर जास्त बोंब मारली असती, आखूड असती तर एकवर. ही दोन्हीकडे सारखीच रडतेय." तिनं ब्रॅकेटकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा ब्रॅकेटकडे. "एल्मो, बोल्टलाही रंग दिलास?"

"सगळ्याला दिला. तीन हात."

"आणि वॉशरला? खालून?"

"खालून दोन," मी अभिमानानं म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. कानापर्यंत जो घाम आला तो मला अजून आठवतो. नव्या पोराला शिकवताना मी पहिलं वाक्य काय सांगतो? अँटेना अर्धीच वर असते. उरलेली अर्धी म्हणजे ट्रकचं लोखंड. लोखंडाला लोखंड नागडं भिडलं पाहिजे, नाहीतर अर्थिंग नाही, आणि अर्थिंग नाही तर आवाज अधांतरी. आणि मी त्या लोखंडाला तीन पदरी पिवळी रजई पांघरली होती. वर केबिन फायबरची, म्हणजे वीज शोधत शोधत कुठंही गेली तरी पुढं प्लॅस्टिकच.

इडेलानं खिशातून चाकू काढला आणि खरवडायला सुरुवात केली. माझ्या रंगाचे पोपडे बर्फासारखे उडत होते. ती मधमाशी उठून गेली.

"थोडं तरी ठेव," मी म्हणालो.

"तुला फोटो हवाय का नाव?"

मी कानस आणून दिली.

रंग गेला, तरी सुई अडीचला अडली. मग ती शेडमागच्या भंगारात शिरली. तिथं एक मेलेला दुधाचा ट्रक होता. त्याच्या बॅटरीला चौकटीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी तिनं काढून आणली. एक टोक ब्रॅकेटच्या उघड्या लोखंडाला, दुसरं दाराच्या बिजागरीवरून खाली ट्रकच्या चौकटीला. दोन्ही टोकांना दातेरी वॉशर, असे की पाना फिरवला की दात लोखंडात कच्चकन रुतावेत. शेवटचा पाव फेरा तिनं ओठ चावून दिला.

मग म्हणाली, "बघ."

सुई अशी खाली आली की मला वाटलं तुटली. चाळीसवर सव्वा. एकवर मात्र पावणेदोन, कारण मी दोन बोटं कापली होती ना, आता सळी खरंच आखूड झाली होती. तिनं तळाच्या कॉलरचा स्क्रू सैल केला, सळी दोन बोटं वर ओढली, पुन्हा आवळला. दोन्हीकडे सव्वा.

ती केबिनच्या पायरीवर बसली आणि हातातला पाना जीनला पुसत राहिली.

रविवारी बारा वाजता अंगण भरलं होतं. पूर्वेकडचे, पश्चिमेकडचे, ज्यांचा माल रविवारी पोचायचा होता तेसुद्धा. लुथरन चर्चच्या बायकांची एक बस बाथरूमसाठी थांबली होती, ती मुद्दामच राहिली. डेल्बर्ट आला तो त्याच्या जांभळ्या ट्रकमधून, दोन्ही आरशांवर एकेक अँटेना, पाण्यासारखं क्रोम. त्यानं ट्रक कॅफेला आडवा लावला, म्हणजे सगळ्या खिडक्यांतून त्याची अख्खी बाजू दिसावी. लुथरन बायकांनी "आहा" म्हटलं. इडेलानं मात्र तिचा पिवळा ट्रक नाक पश्चिमेकडे करून, सगळ्यांना पाठ दाखवून उभा केला.

"तोंड तिकडं का?" डेल्बर्ट ओरडला. "पळून जायला सोपं?"

आता, दोन अँटेनांची जोडी आवाज कुठं फेकते? पुढं आणि मागं. बाजूला उपास. डेल्बर्टच्या ट्रकचं नाक उत्तरेला होतं आणि टोरवाल्ड पश्चिमेला. हे मला स्पष्ट दिसलं. मी सांगायलाही हवं होतं. पण माझ्या तोंडात कॉफी होती, आणि ती फार गरम होती.

मी दोन्ही ट्रकच्या केबली तपासल्या, यंत्र कुठंच नव्हतं. ओलेटानं फोनचा रिसीव्हर वायरीसकट खिडकीबाहेर ओढला, टोरवाल्डचं उत्तर सगळ्यांना ओरडून सांगायला. "टोरवाल्ड, तयार? पहिला आता बोलतोय."

डेल्बर्टनं शिट्टी घातली. देवा, काय शिट्टी होती! मग भरदार आवाजात, "चंडोल, चंडोल, वायोमिंगचा चंडोल बोलतोय!" पूर्ण मिनिटभर.

"टोरवाल्ड, काही ऐकलंस?" ओलेटानं विचारलं.

"हो," टोरवाल्ड म्हणाला. डेल्बर्टनं दोन्ही हात वर केले.

"काय ऐकलंस?"

"फ्रीज. घुरघुरतोय."

डेल्बर्ट पुन्हा बोलला. ज्या शिरा मी आयुष्यात कुठल्याही मानेवर पाहिल्या नाहीत त्या त्याच्या मानेवर आल्या.

"आता, टोरवाल्ड?"

"आता फ्रीज बंद केला. आता घड्याळ ऐकू येतंय."

तेवढ्यात कॅफेतला दुसरा फोन वाजला. उत्तरेला तीस मैलांवरचा एक गुरंवाला होता. कोण गाढव रेडिओवर शिट्ट्या मारतंय, म्हणाला, आमची सगळी कुत्री कोठारावर चढलीत.

मग इडेला. ती केबिनमध्ये बसली, दार ओढून घेतलं, कारण दार उघडं असलं की सुई हलते हे तिला ठाऊक होतं. काचेतून फक्त तिची मूठ आणि माइक दिसत होता. ती ओरडली नाही. शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी बोलली.

"चंडोल बोलतेय. कुणी आहे का तिकडं?"

ओलेटानं रिसीव्हर कानाला घट्ट धरला. अंगणात फक्त वारा.

"टोरवाल्ड?"

काही नाही.

"टोरवाल्ड, अरे बोल ना, मेलास का?"

"थांब गं," फोनमधून आवाज आला, इतका मोठा की पहिल्या रांगेनं ऐकला. "मी तिच्याशी बोलतोय ना." आणि त्याच क्षणी पिवळ्या ट्रकच्या रेडिओतून तोच आवाज बाहेर आला, "चंडोल, स्वच्छ ऐकू येतेयस. माझ्या टेबलाशी बसल्यासारखी. कॉफी घेणार?"

मग जो आरडाओरडा झाला त्यानं ओलेटाच्या दोन अंड्यांना तडे गेले. टोप्या उडाल्या, त्यांतल्या काही अजून नेब्रास्कात सापडतात. ट्रकवाल्यांनी भोंगे दाबले ते कुणी सोडेचनात. आणि मी? पायरीवरून उतरणाऱ्या इडेलाला मी हात द्यायला गेलो आणि तिनं मलाच उचललं.

इथून पुढच्या चार ओळींसाठी माझा शब्द धरू नका. त्या वर्षी सूर्यावर डाग फार होते, आणि असं असलं की आवाज आकाशाला आपटून कुठल्या कुठं पडतो. टोरवाल्डचं बोलणं संपलं न संपलं तोच रेडिओवर एक परका माणूस आला, भाषा कळेना. बसमधल्या एका लुथरन आजीनं कान टवकारले. "अगं बाई, हा तर नॉर्वेचा! कुठल्याशा मासेमारी बोटीवर आहे. विचारतोय, ही चंडोल कोण?"

टोरवाल्डनंही ते ऐकलं होतं. त्यानं त्याच्या आजोबांच्या भाषेत गंभीरपणे उत्तर दिलं, आणि आजीनं सांगितलं, "हा म्हणतोय, वायोमिंगची आहे."

"नेब्रास्काची!" इडेला माइकमध्ये ओरडली. अख्ख्या उत्तर अटलांटिकला ते ऐकू गेलं असावं.

गर्दी बाजूला झाली, कारण डेल्बर्ट येत होता. टोपी हातात. त्यानं तांब्याच्या पट्टीकडे बघितलं, खरवडलेल्या ब्रॅकेटकडे बघितलं, मग त्याच्या क्रोमकडे.

"मी आडवा लावायला नको होता, नाही का?"

"नाही," इडेला म्हणाली.

"तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"मला नाही. पण एल्मोला दिसलं असणार. केव्हाचा कॉफी पितोय."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला. मग तो हसला. आधी खांदे हसले, मग पोट, मग बाकीचा सगळा. "जिंकलीस, बाई. नाव तुझं. पण शिट्टी?"

"शिट्टी तुझीच. ती घेऊन मी काय करू, माझ्या दातांत फट नाही."

"मग आता मला काय म्हणायचं? बदक?"

इडेलानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, वेळ लागला. "वसंतात इथल्या माळावर रानकोंबडा बघितलायस? छाती फुगवतो, शेपूट पसरतो, आणि कोंबड्यांना दिसावं म्हणून मुद्दाम आडवा उभा राहतो."

लुथरन बायकाच आधी हसल्या. मग सगळं अंगण. डेल्बर्टनं दोन वेळा म्हणून बघितलं, "रानकोंबडा... रानकोंबडा," तोंडात घोळवलं, आणि तो म्हणाला, "चालेल. अजून कुणा राज्यानं तर घेतला नाही ना?"

ओलेटा म्हणाली, "माझ्या माहितीत तरी नाही."

दोन वाजता तो गेला, अडीचला इडेला. मटारांना उशीर चालत नाही. मी शेडमध्ये आलो आणि माझा रेडिओ एकोणीसवर, ट्रकवाल्यांच्या चॅनेलवर, लावून बसलो. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार होतो, पण आजच्यापुरतं माझं खोटं बोलून झालंय.

बराच वेळ नुसती खरखर. तिचा ट्रक एव्हाना चढाच्या मध्यावर असणार. तिनं माइक उचलला नव्हता. दोन आठवडे ज्याला कुणी उत्तर देत नाही तो माणूस लगेच बोलत नाही.

मग एक शिट्टी आली, दातांतल्या फटीतून, लांब आणि गोड.

"चंडोल, चंडोल. रानकोंबडा बोलतोय. बाविसाव्या मैलावर पुलामागं अस्वल रडार घेऊन लपलंय. पाय हलका ठेव."

मी कानाशी हात नेला.

"ऐकलं, रानकोंबड्या," ती म्हणाली. "चंडोल पाय उचलतेय."

"चंडोल, खाली येणारा मी, तुझ्या मागचं दार बंद आहे, मटार शाबूत," तिसरा कुणी म्हणाला.

"चंडोल, वर वारा फार आहे," चौथा.

"चंडोल, कॉफी अजून गरम आहे," टोरवाल्ड म्हणाला. तो विनोद नव्हता.